फरशी, पत्रा आणि धूळ



वसंत हा कवींचा ऋतू, असे आपण पाठ्यपुस्तकांतून वाचत आलो. आमच्या मराठवाड्यात मात्र तो गवंड्यांचा ऋतू आहे. गुढी उतरली की घरोघर काम निघते. कोणाकडे अक्षय्यतृतीयेच्या आगेमागे लग्न असते, कोणाला मृगाच्या आत छपराचे पत्रे बदलून घ्यावयाचे असतात. आणि एकदा मिस्त्री घरात आलाच आहे तर जुनी फरशीही काढून टाकू, हा विचार मंडळींच्या मनात येतोच येतो. नांदेडात वजिराबादेकडून कोणत्याही दिशेने चालत निघा, दोनचार मलब्याचे ढीग ओलांडल्यावाचून घरी पोचणार नाही. लातुरात गंजगोलाईच्या भोवती हेच चित्र. शिवाय तेथे शिकवणीला आलेल्या मुलांसाठी खोल्या काढण्याचे काम बाराही महिने चालूच असते. तेव्हा घरदुरुस्ती आणि आरोग्य हा विषय व्याख्यानमालेच्या चालकांनी नेमका या दिवसांत ठेवला, हे आम्हांला उचितच वाटते.

परवा लातुरास आम्ही याच विषयावर चार शब्द बोललो. भाषण संपल्यावर एक वयस्कर गृहस्थ उठले आणि त्यांनी एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नामुळे आजचे आमचे भाषण परवाच्या भाषणाहून पुष्कळच निराळे झाले आहे. गृहस्थांची कन्या अमेरिकेत असते. जावयांनी तेथे एक जुने घर घेतले. घराची फरशी काढावयास माणूस बोलावला, तर त्याने ती पाहिली आणि हात मागे घेतला. "हिच्यात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव आहे, आधी तपासून घ्या," असे सांगून तो निघून गेला. कन्येने घाबरून वडिलांना फोन केला, की बाबा, तुमच्याकडेही फरशीचे काम काढले आहे असे आई म्हणत होती, ते आधी थांबवा. इकडे निम्मी फरशी फोडून झालेली, घरभर धूळ, नातवंडे सुटीला आलेली. गृहस्थांनी सभेत उभे राहून सरळ विचारले, "डॉक्टर, आता आम्हां सगळ्यांना कॅन्सर होणार का?"

सभेत दोघेतिघे हसले. आम्हांला ते हसणे बरे वाटले नाही. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आणि त्याचे उत्तर नुसते "नाही" असे देणेही, ते खरे असले तरी, पुरेसे झाले नसते.

ॲस्बेस्टॉस म्हणजे काय, ते आधी पाहू. पुष्कळांची समजूत अशी, की हे कारखान्यात शिजवलेले काही रसायन आहे. ते तसे नव्हे. तो खाणीतून निघणारा दगड आहे. परंतु असा विलक्षण दगड, की तो कापसासारखा पिंजता येतो, त्याचे सूत निघते, सुताचे कापड होते, आणि ते कापड विस्तवात टाकले तर जळत नाही. त्याचे नाव ग्रीक, त्याचा मूळ अर्थ "न विझणारे". असला पदार्थ हाती आल्यावर माणसाने तो कशात घातला नाही? आगगाडीच्या बॉयलरवर गुंडाळला, मोटारीच्या ब्रेकमध्ये बसवला, सिमेंटात कालवून त्याचे पत्रे आणि नळ केले. अमेरिकेत गेल्या शतकाच्या मध्यास घरांतून जी विनाइलची चौकोनी फरशी घालीत, तिच्यातही तो असे. नऊ इंची तुकडे आणि त्यांच्याखाली काळे डांबरी चिकटण, ही तिची ओळख. लातूरकरांच्या कन्येचे घर त्या काळातले असेल तर तिथल्या कारागिराने हात मागे घेतला, यात त्याने शहाणपणाच केला. तिकडे अशा फरशीवर उपाय म्हणजे तिला न छेडणे. ती घासायची नाही, खरवडायची नाही. धडधाकट असेल तर तिच्यावरच दुसरी फरशी अंथरून मोकळे व्हायचे.

ॲस्बेस्टॉसचा जो गुण तोच त्याचा दोष. त्याचा तंतू आडवा मोडत नाही, उभा चिरत जातो आणि बारीक बारीक होत शेवटी दिसेनासा होतो. आपला केस सत्तर-एक मायक्रॉन जाडीचा धरला, तर फुप्फुसाच्या तळाशी पोचणारा तंतू तीन मायक्रॉनहूनही बारीक असतो. तेथे तो विरघळत नाही, आणि खोकून बाहेरही पडत नाही. इंग्लंडात रॉचडेल गावी नेली केर्शॉ नावाची एक कामगार स्त्री ॲस्बेस्टॉसच्या गिरणीत सूत काढीत असे. ती १९२४ साली, वयाच्या ३३ व्या वर्षी वारली. तिची फुप्फुसे डॉक्टर कुक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्याविषयी लिहिले. १९६० साली दक्षिण आफ्रिकेतून दुसरी बातमी आली, ती अधिक भयंकर. खाणीत कधी न उतरलेल्या, नुसत्या खाणीच्या परिसरात वाढलेल्या माणसांनाही फुप्फुसाच्या आवरणाचा दुर्मिळ कर्करोग झालेला आढळला. आणि १९६५ साली लंडनमधील एका पाहणीने दाखवून दिले, की हा रोग कामगारांच्या घरच्या बायकांनाही गाठतो. त्यांचा अपराध एवढाच, की त्यांनी नवऱ्याचे धुळीने भरलेले कपडे धुतले. धूळ पोटात गेल्यापासून रोग दिसेपर्यंत वीस, तीस, कधी चाळीस वर्षे जातात. त्यामुळे ज्याने धूळ उडवली तो आणि ज्याला रोग झाला तो, यांची गाठ घालून देणारे कोणी उरत नाही.

दूरच्या गोष्टी सांगतो आहोत असे कोणी समजू नये. मुंबईच्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातील १८१ कामगारांची तपासणी करून तिचा वृत्तांत २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील ४१ जणांना ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे फुप्फुस घट्ट होत जाण्याचा रोग, झालेला होता. त्याच्या दहा वर्षे आधी, १९९५ च्या जानेवारीत, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता, की अशा कारखान्यांनी प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद तो कामाला लागल्यापासून ४० वर्षे, किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षे, यांत जी मुदत उशिरा संपेल तोपर्यंत ठेवली पाहिजे. इंग्लंडने १९९९ साली ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी घातली. अमेरिकेने, जिथल्या फरशीवरून आपले बोलणे निघाले, उरल्यासुरल्या वापरावर २०२४ च्या मार्चमध्ये बंदीचा नियम काढला. आपल्याकडे खाणींचे नवे परवाने १९८६ पासून थांबले. परंतु परदेशातून माल येतो, त्याचे सिमेंटचे पत्रे होतात आणि ते राजरोस विकले जातात.

आता आपल्या घरात येऊ. आपल्या पायाखाली काय आहे?

आपल्या आजीच्या घरात भुई होती. पांढरी माती चोपून बसवलेली, आठवड्याला शेणाने सारवलेली. नंतर आली शहाबादी. शेजारच्या गुलबर्गा, म्हणजे आताच्या कलबुर्गी, जिल्ह्यात शहाबाद आहे; तेथली ही चुनखडीची लादी, करड्या रंगाची, उन्हाळ्यात अंग टेकावे अशी गार. मराठवाड्याच्या निम्म्या संसारांची दुपार तिच्यावर गेली आहे. मग सिमेंटची रंगीत फरशी, मग मोझॅक, मग राजस्थानातून कोटा आणि संगमरवर, ओट्यासाठी ग्रॅनाइट, आणि आता गुजरातेतील मोरवीहून येणाऱ्या आरशासारख्या व्हिट्रिफाइड टाइल्स. ही यादी आम्ही मुद्दाम संबंध वाचली, कारण तिच्यातील एकाही वस्तूत ॲस्बेस्टॉस घालीत नाहीत. विनाइल-ॲस्बेस्टॉसची फरशी आपल्या देशातही होत होती. तिच्यासाठी ३४६१ क्रमांकाचे भारतीय मानकही होते. परंतु ती आपल्या घरांतून नव्हे. जुन्या कचेरीत किंवा जुन्या संस्थेच्या इमारतीत रबरी वाटणारे, सिमेंटवर चिकटवलेले जुने चौकोन निघाले, तर मात्र ते खरवडू नयेत आणि जाणत्याला दाखवावेत. लातूरच्या त्या गृहस्थांच्या घरी शहाबादी होती. त्यांना आम्ही तिथल्या तिथे सांगितले, की तुमच्या फरशीत ॲस्बेस्टॉस नाही, ती भीती मनातून काढून टाका.

साप म्हणून भुई धोपटणे अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे तर अक्षरशः भुईच धोपटली जात होती. साप आहेत, पण ते इतरत्र आहेत.

पहिला डोक्यावर आहे. पत्रा म्हटला की आपण दोन प्रकार एकाच नावाने ओळखतो, टिनाचा आणि सिमेंटचा. टिनाच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस नसते. सिमेंटचा जो करडा, पन्हाळी पत्रा आपण वर्षानुवर्षे वापरीत आलो, त्याच्यात ते वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असते. अलीकडे ॲस्बेस्टॉसविरहित सिमेंटचे पत्रेही निघाले आहेत. परंतु जुन्या छपरावर जो आहे तो ॲस्बेस्टॉसचाच समजून चालावे. लातूर जिल्ह्यात पत्र्याविषयी बोलताना जपून बोलावे लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसे गेली, त्यांतली फार मोठी संख्या दगडी भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली गेली. ज्याने ती पहाट पाहिली त्याला हलक्या छपराखाली झोप लागते. त्याला "पत्रा वाईट" असे तोंड वर करून सांगणे हा कोरडा शहाणपणा होईल. आणि तसे सांगण्याचे कारणही नाही. अखंड, न फुटलेला, जागच्या जागी असलेला पत्रा फारसा तंतू सोडीत नाही. सिमेंटाने त्याला धरून ठेवलेले असते. तो कापला, भोक पाडण्यासाठी ड्रिल लावले, वरून पाय देऊन फोडला, म्हणजे तो तंतू सोडतो. आणि घरदुरुस्तीत आपण त्याच्याशी नेमके हेच तीन व्यवहार करतो.

यावर आणखी एक प्रकार घडतो. जुना पत्रा काढताना फुटतो, तुकडे अंगणात पडतात, आणि काटकसरी यजमान म्हणतो, "टाकता कशाला? खोलीत भराव लागणारच आहे, फरशीखाली घाला." मग ते तुकडे घणाने आणखी बारीक करून फरशीखाली दाबले जातात. म्हणजे जी फरशी मूळची निर्दोष होती, तिच्याखाली आपण आपल्या हाताने ॲस्बेस्टॉस पुरून ठेवले. वीस वर्षांनी नातू ती फरशी फोडील, तेव्हा त्याला काय माहीत? अमेरिकेतली मंडळी निदान फरशीकडे पाहून ओळखतात.

पत्रा काढावयाचाच असेल तर त्याची रीत अवघड नाही. आधी तो पाण्याने चांगला भिजवावा. हूकबोल्ट गंजला असेल तर बोल्ट कापावा, पत्रा फोडू नये. अख्खा पत्रा दोघांनी धरून खाली उतरवावा, फेकू नये. फुटलेच तर तुकडे ओले असतानाच जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून बांधावेत, वर चिठ्ठी लावावी, आणि ते कोठे न्यावयाचे हे महापालिकेच्या घनकचरा विभागास विचारावे. नवा पत्रा मापाचाच आणावा, म्हणजे कापण्याचा प्रसंग येत नाही. पत्र्यावर कटर चालवणे मात्र कोणत्याही परिस्थितीत नको.

दुसरा साप अधिक मोठा आहे, आणि त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नाही. कारण त्याचे नाव कोणत्याही परदेशी फोनवरून येत नाही. त्याचे नाव वाळू. वाळू म्हणजे बहुतांशी स्फटिक, ज्याला सिलिका म्हणतात. वाळूचा कण पायाखाली असतो तोवर निरुपद्रवी. तोच यंत्राच्या पात्याखाली भरडून पिठाहूनही बारीक झाला, हवेत तरंगू लागला आणि श्वासाबरोबर आत गेला, म्हणजे फुप्फुसात गाठी धरू लागतात. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही. धुळीतून माणूस बाहेर काढला तरी पुष्कळदा तो वाढत राहतो.

फरशीच्या कामात ही सिलिका कोठून येते? शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड, त्यांच्यात ती थोडी. आपला मराठवाड्याचा काळा पाषाण ज्वालामुखीचा, त्याच्यातही मोकळी सिलिका नाममात्र. परंतु नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकास, देगलूर-बिलोलीकडे, हा काळा दगड संपतो आणि फार प्राचीन ग्रॅनाइट वर येतो. त्या ग्रॅनाइटमध्ये, आणि ओट्यावर चकाकणाऱ्या पुष्कळ ग्रॅनाइटमध्ये, साधारणतः चौथा ते तिसरा हिस्सा स्फटिकाचा असतो. टाइल्समध्ये ती आहे. फरशीखालच्या वाळू-सिमेंटच्या थरात आहे, गिलाव्यात आहे, काँक्रीटमध्ये आहे. ओट्यासाठी जे कारखान्यात बनवलेले कृत्रिम क्वार्ट्झ अलीकडे मोठ्या घरांतून दिसू लागले आहे, त्यात तर नव्वद टक्क्यांच्या वरही असते. ऑस्ट्रेलियाने त्याच्यावर १ जुलै २०२४ पासून बंदीच घातली, कारण ओटे कापणारे तरुण कारागीर तेथे सिलिकोसिसने आजारी पडू लागले. आपल्या देशाला हा रोग नवा नाही. मध्य प्रदेशात मंदसोरला पाटीवरच्या पेन्सिली कापणारे कामगार आणि गुजरातेत खंभातला अकीक घासणारे कारागीर याच रोगाने गेले. शाळेत आपण ज्या पेन्सिलीने बाराखडी गिरवली, तिच्यामागे कोणाचे फुप्फुस होते, हे आपल्याला कोणी सांगितले नव्हते.

"मग आम्ही घरातली मंडळी वाचत नाही," असे आता कोणी म्हणेल. येथे हिशेब नीट मांडला पाहिजे. सिलिकोसिस हा एका आठवड्याच्या धुळीने होणारा रोग नव्हे. तो वर्षानुवर्षांच्या धुळीचा रोग आहे. साधारणतः दहा वर्षांनी दिसतो, धूळ फार असेल तर पाचसात वर्षांनी. घरमालक आयुष्यात फरशी किती वेळा बदलतो? दोनदा, फार तर तीनदा. त्याला त्या आठ-पंधरा दिवसांत खोकला येईल, दमेकऱ्याचा दमा उठेल, डोळे चुरचुरतील. म्हणून मुलांना, म्हाताऱ्यांना आणि गरोदर स्त्रीला त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावे, हे खरेच. परंतु तुमची फरशी संपली की मिस्त्री दुसऱ्या घरी जातो. महिन्याला दोन घरे धरली तरी वर्षाला चोवीस, आणि दहा वर्षांत दोनशे चाळीस घरांची धूळ त्या एका छातीत उतरते. त्याच्या शेजारी लादी धरून बसलेले पोर सतरा-अठरा वर्षांचे असते. लातूरच्या गृहस्थांनी "आम्हां सगळ्यांना" असे म्हटले, तेव्हा त्या "आम्हां"त हे पोर धरलेले नव्हते. आम्ही त्यांना दोष देत नाही. आपण सगळेच ते धरीत नाही. धुळीच्या त्या ढगात कोण बसले आहे हे दिसत नाही, एवढी धूळ असते.

कायदा तरी त्याला धरतो काय? कारखान्यांसाठी जो १९४८ चा कायदा झाला, त्याच्या परिशिष्टात सिलिकोसिस आणि ॲस्बेस्टॉसिस हे दोन्ही रोग, झाल्यास सरकारला कळवावेत, असे नोंदले होते. पण आपले घर हा कारखाना नव्हे. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला. त्यात स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांच्या आतले काम कक्षेबाहेर ठेवले होते, आणि २०२० च्या नव्या संहितेने ती मर्यादा पन्नास लाखांवर नेली. एका परीने ते समजण्याजोगे आहे. सरकारचा निरीक्षक प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात कसा येणार? परंतु त्याचा अर्थ असा होतो, की तुमच्या घरातल्या त्या पंधरा दिवसांपुरते निरीक्षक तुम्हीच आहात, दुसरे कोणी नाही.

निरीक्षकाने काय पाहावे? एकच गोष्ट मुख्य. कापणी ओली होते की कोरडी.

आमच्या बायकांना हे शास्त्र शिकवावे लागत नाही. अंगण झाडण्यापूर्वी सडा घालावा, हे त्यांना कोणत्या प्रयोगशाळेने सांगितले? खळ्यावर उफणणारा शेतकरी आधी वारा कोणीकडून येतो ते पाहतो आणि भुसा अंगावर येणार नाही असा तिव्ह्यावर चढतो. फरशीच्या धंद्यातही हे ज्ञान होते. ज्यांच्या घरी पूर्वी मोझॅक बसली असेल त्यांनी आठवून पाहावे. घासाईचे ते मोठे यंत्र पाण्यात फिरत असे, पांढरा रेंदा मोरीतून वाहत असे आणि धुळीचा कण उडत नसे. त्याच्याही आधी लादी छन्नीने ठोकून फोडीत. मग हातात धरावयाचे विजेचे कटर आले, कोरडे, हलके, स्वस्त. तासाचे काम मिनिटावर आले, आणि पाणी त्या धंद्यातून निघून गेले.

"पाणी कोठून आणू?" असे आम्हांला लातुरात विचारले गेले, आणि विचारणाऱ्याचा तो हक्कच होता. २०१६ च्या एप्रिलात ज्या शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्याला पाण्याचा उपदेश करताना वक्त्याने आधी आकडा सांगावा. तो आकडा असा. हातातल्या कटरच्या पात्यावर धूळ दाबण्यासाठी मिनिटाला अर्धा लिटर पाणी लागते. म्हणजे पाते सलग तासभर फिरले तर तीस लिटर. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचा जो वीस लिटरचा जार मिळतो, तसा दीड जार. एका खोलीच्या लाद्या कापताना पाते प्रत्यक्ष फिरत असते तो वेळ बहुधा तासाहून कमीच भरतो. त्यालाही पिण्याचे पाणी नको. बोअरचे, धुण्याचे, कसलेही चालते. दुष्काळातही हे पाणी निघते. आम्हांला वाटते, अडचण पाण्याची नाही, सवयीची आहे.

मिस्त्री मंडळींशी आम्ही याविषयी बोललो आहोत, आणि त्यांच्या हरकती पोकळ नाहीत. पहिली हरकत विजेची. साध्या कटरवर पाणी ओतले तर झटका बसेल, असे ते म्हणतात, आणि ते अगदी बरोबर आहे. साध्या यंत्रावर तांब्याने पाणी ओतण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. पाण्याची नळी जोडलेले, त्यासाठीच केलेले कटर मिळते. ते वापरावे आणि घराच्या बोर्डावर गळतीचा प्रवाह तोडणारा ईएलसीबी असावा. दुसरी हरकत, पाण्याने पेन्सिलीची खूण पुसते. मेणाच्या खडूची पुसत नाही. तिसरी, चिखल होतो. होतो, तो ओला असतानाच गोळा करून टाकावा लागतो, कारण वाळला की तीच धूळ पुन्हा उडणार. चौथी हरकत ते बोलून दाखवीत नाहीत, आम्ही सांगतो. ओल्या कापणीला वेळ जास्त लागतो, आणि त्यांचा दर चौरस फुटावर ठरलेला असतो. तो वेळ त्यांनी कोणाच्या पदरचा घालावा? तेव्हा बोलणी करतानाच यजमानाने म्हणावे, की कापणी ओली हवी आणि त्याचे चार रुपये जास्त घ्या. ओट्याच्या ग्रॅनाइटचा रंग निवडण्यासाठी आपण तीन वेळा दुकानात जातो. त्या मानाने हे बोलणे पाच मिनिटांचे आहे.

टाइल्सच्या सरळ कापणीला तर पाणीही लागत नाही. हाताने ओढावयाचा एक टाइल कटर मिळतो. त्याने टाइलवर रेघ मारायची आणि दाबून तोडायची. आवाज नाही, धूळ जवळजवळ नाही. जेथे कटर चालवावाच लागतो तेथे तो बंद खोलीत न चालवता अंगणात किंवा गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून चालवावा. जुनी फरशी फोडण्याआधी तिच्यावर पाणी शिंपडावे, मलबा पाटीत भरताना पुन्हा शिंपडावे. संध्याकाळी काम थांबल्यावर कोरडा झाडू मारू नये. आणि ते झाडणे आपण ज्या बाईंवर टाकतो, त्यांनाही ओले फडके द्यावे. पंखा बंद ठेवावा. मास्कचे म्हणाल, तर तोंडाला बांधलेला रुमाल किंवा उपरणे या धुळीला अडवीत नाही. मोठे कण अडतात, घातक असतात ते बारीक कण आरपार जातात. कोरोनाच्या साथीने एन-९५ हे नाव आपल्या घरोघर पोचवले आहे. तो मास्क मिस्त्रीला आणि त्या पोराला घरमालकाने रोज नवा द्यावा. मात्र पाणी टाळण्याची सबब म्हणून नव्हे, पाण्याच्या जोडीला द्यावा. काम संपल्यावर हातपाय धुऊन, कपडे बदलून घरी जाण्याइतकी जागा त्यांना मिळावी. लंडनच्या त्या बायकांची गोष्ट आम्ही मघाशी सांगितली ती याचसाठी.

आता शेवटचा मुद्दा, आमच्याच व्यवसायाचा. सिलिकोसिसचा रोगी डॉक्टरकडे येतो तो खोकला, धाप आणि उतरलेले वजन घेऊन. आपल्या भागात असा माणूस दिसला की आमच्या मनात प्रथम क्षय येतो, आणि ते स्वाभाविक आहे. छातीच्या फोटोतही दोन्ही रोग पुष्कळदा एकमेकांसारखे दिसतात. घोटाळा वाढवणारी गोष्ट अशी, की सिलिकाने भरलेल्या फुप्फुसात क्षयही लवकर शिरतो. म्हणजे एकाच छातीत दोन्ही असू शकतात. मग क्षयाचे औषध सुरू होते, क्षय हटतो, धाप हटत नाही, आणि माणूस पुन्हा कटर हातात घेतो, कारण त्याच्या धुळीविषयी त्याला कोणी विचारलेलेच नसते. राजस्थान सरकारने २०१९ साली धोरण करून सिलिकोसिसचे प्रमाणपत्र मिळालेल्या कामगाराला तीन लाख रुपये आणि तो वारल्यास कुटुंबाला दोन लाख देण्याचे ठरवले. परंतु प्रमाणपत्र मिळावयाचे तर आधी कोणी तरी धंदा विचारून लिहून ठेवला पाहिजे. कारखान्यातल्या कामगाराचे निदान हजेरीपुस्तक असते. फरशीच्या मिस्त्रीचे कसले पुस्तक?

केसपेपरवर धंद्याच्या रकान्यात बहुधा "मजुरी" एवढाच शब्द असतो. तुमच्या ओळखीचा कोणी मिस्त्री खोकत असेल, तर त्याच्याबरोबर दवाखान्यापर्यंत जावे, बेडका तपासून आणि छातीचा फोटो काढून घ्यावा, आणि त्या रकान्यात "फरशी व ग्रॅनाइट कोरडे कापणे, वर्षे बारा" असे, जी काही वर्षे असतील ती, लिहवून घ्यावे. डॉक्टर घाईत असतात, त्यांना दोनदा सांगावे लागले तर दोनदा सांगावे. त्या केसपेपरची एक प्रत मिस्त्रीच्या घरी, त्याच्या रेशनकार्डाबरोबर ठेवावी.